बातमी मराठी, नोंद इंग्लिश : संदर्भयंत्रे आणि आपला आळस

सीमाभागातील मराठी माणसाला पुराव्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीचे उतारे, शाळांचे दाखले, ग्रामपंचायतींचे ठराव आणि जनगणनेचे तक्ते यांची बाडे सांभाळण्यात आपल्या तीन पिढ्या गेल्या. १९५६च्या राज्यपुनर्रचनेविषयी आपण जेव्हा जेव्हा तोंड उघडले, तेव्हा तेव्हा ‘आधार काय?’ हा प्रश्न समोर आला आणि आपण कागद पुढे केला. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही कागदांवरच उभा आहे. अशा समाजाने एका नव्या दप्तरखान्याकडे मात्र पाठ फिरवावी, याचा आम्हांला खेद वाटतो. तो दप्तरखाना म्हणजे विकिपीडिया. आणि त्यातील ज्या कारकुनाविषयी आज लिहायचे आहे, तो कारकून म्हणजे आपोआप संदर्भ तयार करून देणारे यंत्र.

विषय रूक्ष आहे, हे आधीच मान्य करतो. परंतु बेळगावच्या १९४६च्या साहित्य संमेलनात काय घडले, महाजन आयोगाने नेमके काय लिहिले, गोव्याच्या राजभाषा कायद्यात मराठीचे स्थान कोणते, हे प्रश्न आज इंदूरच्या विद्यार्थ्याला किंवा दिल्लीच्या पत्रकाराला पडले, तर तो आपल्या कपाटातील बाड पाहायला येत नाही. तो विकिपीडिया उघडतो, वाक्यापुढील छोट्या आकड्यावर बोट ठेवतो आणि तळटीप पाहतो. तळटीप नसेल तर ‘संदर्भ हवा’ अशी पाटी त्याला दिसते, आणि आपले सत्य अफवेच्या पंक्तीत जाऊन बसते. जे उद्धृत होते ते टिकते आणि जे सहज उद्धृत करता येते तेच अधिक उद्धृत होते. ही सहजता आपल्या भाषेसाठी निर्माण करण्याचे काम आपल्यावर होते. ते आपण केले नाही, हा आमचा आरोप आहे आणि तो आम्ही आमच्यासह सर्वांवर करतो.

यंत्र करते काय?

विकिपीडियाच्या संपादन-खिडकीत बातमीचा पत्ता, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक किंवा शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक चिकटवला की काही क्षणांत शीर्षक, लेखक, दिनांक आणि प्रकाशन भरलेली तळटीप तयार होऊन येते. हे काम करणाऱ्या सेवेचे नाव सायटॉइड. तिच्या पोटात झोटेरो या मुक्त संदर्भ-साधनाचे ‘अनुवादक’ काम करतात. झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात आकाराला आले. येथे अनुवादक म्हणजे भाषांतरकार नव्हे. विशिष्ट संकेतस्थळाच्या पानावर शीर्षक कोठे, लेखक कोठे, दिनांक कोठे, हे यंत्राला सांगणारा तो एक छोटा आज्ञासंच असतो. ज्या संकेतस्थळासाठी असा आज्ञासंच कोणी लिहिलेला नसेल, तेथे यंत्र पानाच्या माथ्यावर वाचकाला न दिसणारी जी माहिती कोरलेली असते ती चाचपते. तीही नसेल तर पानाच्या मथळ्यावर समाधान मानते.

ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी आपल्या घरातली आहे. यंत्राने आणलेल्या माहितीला ‘वृत्तपत्रातील लेख’, ‘पुस्तक’, ‘संकेतपान’ असे प्रकार असतात. कोणत्या प्रकारासाठी कोणता साचा वापरायचा, हे प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाने आपल्या एका पानावर लिहून ठेवायचे असते. कोणता तपशील साच्याच्या कोणत्या रकान्यात घालायचा, ही जुळणी त्या त्या साच्याच्या माहितीपानावर नोंदवायची असते. तिसरी पायरी साच्यामागच्या ‘विभागा’ची. दिनांक तपासणे, नावे मांडणे, महिन्यांची नावे व अंक स्थानिक भाषेत आणणे आणि चूक दिसल्यास बोट दाखवणे, ही त्याची कामे. तिन्ही पायऱ्यांवर मानवी हात लागतो. यंत्र आपोआप चालते, परंतु ते आपोआप मराठी होत नाही.

एक प्रयोग

आम्ही सीमाभागातील एका मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावरील बातमी घेतली आणि तिचा पत्ता यंत्राला दिला. दैनिकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष एका दैनिकाचा नाही. यंत्राने दिलेल्या तळटिपेत मथळ्याला दैनिकाचे नाव आणि घोषवाक्यही चिकटलेले होते. दिनांकाचा रकाना रिकामा होता. लेखकाच्या जागी ‘प्रतिनिधी, बेळगाव’ असे लिहिले होते. आणि भाषेच्या रकान्यात, वाचकहो, इंग्लिश असे नोंदले होते.

यातील प्रत्येक चुकीला साधे कारण आहे. ‘प्रतिनिधी / बेळगाव’ ही आपल्या वृत्तपत्रांची जुनी रीत. यंत्राला वाटले, बेळगाव हे नाव आणि प्रतिनिधी हे आडनाव. पाश्चात्त्य रीतीप्रमाणे त्याने आडनाव पुढे आणले आणि बेळगाव प्रतिनिधी नावाचा एक लेखक जन्माला घातला. याच न्यायाने ‘साने गुरुजी’ हे ‘गुरुजी, साने’ होतात आणि ‘संत तुकाराम’ हे ‘तुकाराम, संत’ होतात. पहिल्यांदा हसू येते. शंभर लेखांत हीच चूक दिसली की हसू ओसरते.

भाषेच्या चुकीचे कारण त्याहून साधे आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने तयार सांगाडा विकत घेतला. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘या पानाची भाषा इंग्लिश’ असे लिहिलेले होते. वर मराठी मजकूर ओतला गेला. ती ओळ बदलायचे राहून गेले. यंत्र मजकूर वाचत नाही, ती ओळ वाचते. शिरगणतीच्या वेळी दारात आलेल्या गणकाने आपल्याला न विचारता मातृभाषेच्या रकान्यात भलतेच लिहिले, तर आपण गावभर गाजावाजा करतो, तहसीलदारापर्यंत जातो. येथे बेळगावच्या मराठी बातमीची नोंद रोज इंग्लिश म्हणून होऊ शकते, आणि ती चूक करणारा गणक आपल्याच छापखान्यात बसलेला आहे.

दिनांकाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना लिहितात. अमेरिकी रीतीत आधी महिना. नुसते आकडे छापले आणि यंत्राने ते अमेरिकी रीतीने वाचले, तर ०१/११ म्हणजे ११ जानेवारी. सीमाभागात १ नोव्हेंबर हा कोणता दिवस आहे, हे या वाचकांना सांगायला नको. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले तरी कटकट संपत नाही, कारण सप्टेंबर–सप्टेम्बर, नोव्हेंबर–नोवेंबर, ऑगस्ट–ऑगष्ट अशी रूपे आपण बिनदिक्कत वापरतो. विभागातील महिन्यांच्या यादीत एकच रूप असेल तर दुसऱ्या रूपावर चुकीचा शिक्का बसतो. यावर दोनच उपाय आहेत: यादीत ती सारी रूपे घालणे, किंवा सर्वांनी एक रूप पाळणे. कोणताही उपाय केला तरी तो कोणीतरी बसून करायला हवा.

वाचनीयतेचाही एक मुद्दा आहे. संकेतपत्त्यात देवनागरी अक्षरे असली की ती चिकटवताना टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतात. एका देवनागरी चिन्हामागे नऊ रोमन चिन्हे, या हिशेबाने ‘बेळगाव’ या एका शब्दासाठी ५४ चिन्हे खर्ची पडतात. संपादन-खिडकीत अशा दोन तळटिपा आल्या की त्यांमधला परिच्छेद शोधून काढणे कठीण होते, आणि नवा संपादक घाबरून निघून जातो.

रिकामा रकाना

आता या लेखामागचा आमचा खरा संताप. संदर्भ-साच्यांमागचा जो मूळ विभाग इंग्लिश विकिपीडियावर घडला आणि तेथून अनेक भाषांनी घेतला, त्यात एक यादी आहे. लेखकाच्या रकान्यात चुकून शिरणाऱ्या शब्दांची ती यादी. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क साधा’ अशा अर्थाचे इंग्लिश शब्द तीत आहेत. ते लेखक म्हणून आले की विभाग लगेच खूण करतो. त्या यादीत प्रत्येक इंग्लिश शब्दाच्या जोडीला ‘स्थानिक’ असा एक रकाना ठेवलेला आहे. मूळ प्रतीत त्या रकान्यापुढे ‘काही नाही’ अशा अर्थाचा शब्द असतो. ज्यांनी विभाग लिहिला त्यांनी आपल्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. ‘प्रतिनिधी’, ‘वार्ताहर’, ‘वृत्तसंस्था’, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ हे चार शब्द तेथे बसवले तर बेळगाव प्रतिनिधी नावाचा लेखक पहिल्याच पायरीवर अडवला जाईल. महिन्यांची नावे आणि अंक यांसाठीही अशीच स्थानिक जागा राखलेली आहे.

हा फरक नीट समजून घ्यावा. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत परिपत्रके मिळावीत, म्हणून आपण जिल्हा प्रशासनाकडे निवेदने देतो, मोर्चे काढतो, दिल्लीपर्यंत तक्रारी नेतो. ते करायलाच हवे, कारण तेथे दार दुसऱ्याच्या हातात आहे. येथे मात्र दार उघडे आहे, रकाना रिकामा आहे आणि लेखणी आपल्या हातात आहे. कोणाची मनधरणी करायची नाही. धूळपाटीवर बदल करून पाहायचा, चावडीवर मांडायचा, चार जाणत्यांनी तपासायचा आणि प्रचालकाने लागू करायचा. परकीय अन्यायाविरुद्ध चिकाटीने लढणारा समाज घरच्या रिकाम्या रकान्यासमोर हात बांधून उभा राहतो, तेव्हा अन्याय कोणाचा म्हणायचा?

सोय इतिहास निवडते

कोणी म्हणेल, या किरकोळ चुका आहेत. हाताने दुरुस्त कराव्यात. मान्य. परंतु चुकीच्या तळटिपेपेक्षा न जन्मलेली तळटीप अधिक घातक आहे.

मे १९४६मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. हा प्रसंग लिहू पाहणारा एखादा तरुण संपादक डोळ्यांसमोर आणा. त्या काळची वृत्तपत्रे, संमेलनाचे कागद, प्रत्यक्ष उपस्थितांच्या आठवणी, यांपैकी कशालाच संकेतपत्ता नाही. आयएसबीएनची पद्धत १९७०च्या सुमारास आली, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकाला हा क्रमांक मुळात असणेच शक्य नाही. यंत्राला देण्यासाठी तरुणाच्या हातात काही उरत नाही. मग तो शोधयंत्रात दोन शब्द टाकतो, अलीकडे कोणीतरी इंग्लिशमध्ये ओझरता केलेला एका ओळीचा उल्लेख त्याला सापडतो, त्याचा पत्ता यंत्राला देतो आणि क्षणात देखणी तळटीप मिळते. त्याने खोटे काही लिहिले नाही. तरीही मराठीच्या व्यासपीठावर, मराठीत झालेल्या ठरावाचा साक्षीदार म्हणून आता एक उपरे, दुय्यम, इंग्लिश पान उभे आहे. आणि ज्या वर्तमानपत्राने तो ठराव त्या आठवड्यात छापला, ते ग्रंथालयाच्या माळ्यावर पिवळे पडत आहे.

हीच गत सीमेपलीकडच्या प्रत्येक मराठी केंद्राची आहे. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेल्या साहित्यमालेत मराठी आणि गुजराती ग्रंथांची रांग लागली. त्या ग्रंथांना आयएसबीएन कोठून असणार? मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून त्याच्या इतिहासाची कितीतरी मराठी साधने हैदराबादेत आहेत. त्यांपैकी यंत्राला दिसणारी किती? इंदूर–ग्वाल्हेरच्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, गोव्यातील ‘गोमन्तक’चे १९६२पासूनचे अंक, बेळगावच्या दैनिकांचे जुने खंड या सर्वांची भाषा मराठी, परंतु यंत्राच्या लेखी ती मुकी. पुण्या–मुंबईच्या अलीकडच्या बातम्या तेवढ्या बोलक्या. अशा रीतीने महाराष्ट्राबाहेरचा मराठी इतिहास मराठीच्याच ज्ञानकोशात दुसऱ्यांदा बाहेर राहतो.

यावर उपाय आहे. सायटॉइड आता विकिडाटावरील नोंदीचा क्रमांकही स्वीकारते. बडोद्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथाची मुखपृष्ठावरून नीट नोंद विकिडाटावर केली की त्या ग्रंथाला कायमचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक यंत्राला दिला की तळटीप तयार होते. नोंद एकदाच करायची; तिचा उपयोग मराठी, गुजराती, कन्नड, हिंदी आणि इंग्लिश अशा सर्व विकिपीडियांना होतो. ग्रंथालयात बसलेल्या एका माणसाने एका दुपारी अशा पाच नोंदी केल्या तरी पाच मुक्या ग्रंथांना वाचा फुटेल. आणि संकेतपत्ता नसणे हा गुन्हा नव्हे, हेही सांगायला हवे. वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि पृष्ठ ही चार गोष्टी अचूक असलेली तळटीप पूर्णपणे ग्राह्य आहे. यंत्राने दिलेल्या सवयीमुळे आपण हे विसरलो आहोत.

आक्षेपकांना उत्तर

आमच्याच लढ्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, सीमाप्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात सुटेल. संगणकाच्या या खटपटींचा त्याच्याशी संबंध काय? त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत, परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच दप्तरात आहे. त्यांनी कागद जपले नसते तर आज न्यायालयात काय ठेवले असते? कागद जपणे हे तेव्हा लढ्याचे काम होते, तर ते कागद जगाला सापडतील असे ठेवणे हे आज लढ्याचे काम आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेव्हा वर्गणीदार जमवण्यापासून छापखान्यापर्यंतच्या खटपटी विद्वत्तेला कमीपणा आणतात, असे त्यांना वाटले नाही.

दुसरे काही कार्यकर्ते विकिपीडियावर येतात, पण फक्त एका कामासाठी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलले, तेव्हापासून लेखांत एकाने ‘बेळगावी’ लिहायचे आणि दुसऱ्याने ‘बेळगाव’ करायचे, हा खेळ सुरू आहे. आमची भूमिका लपलेली नाही. आम्ही बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू. परंतु रात्री जागून नाव बदलणाऱ्या हाताने त्याच लेखात एक भक्कम तळटीप घातली असती, तर बदल टिकला असता. तळटिपेतील नावाविषयीचा नियम स्पष्ट असावा: मुखपृष्ठावर जे छापले असेल तेच लिहायचे. १९४० सालच्या पुस्तकावर बेळगाव असेल तर यंत्राने ते बेळगावी करता कामा नये. आणि २०१४नंतरच्या सरकारी कागदावर बेळगावी असेल तर आपण ते खोडता कामा नये. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घातले की साक्ष निकामी होते.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा आहे. ही सारी धडपड प्रचारासाठी आहे, असे म्हणणारे म्हणतील. त्यांना आम्ही सांगतो, चांगले संदर्भयंत्र प्रचारकाच्या मोठ्या अडचणीचे असते. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल घ्या. त्याने बेळगाव शहरावरील महाराष्ट्राचा दावा फेटाळला. आम्हांला ते मान्य नाही. पण अहवालाचे पान देऊनच आम्ही त्याचे खंडन करू शकतो. आज दोन्ही बाजूंचे लोक अहवालावर आलेल्या बातम्यांवर आलेल्या लेखांचे पत्ते यंत्राला देतात, आणि मूळ अहवाल न वाचता भांडतात. कन्नड दैनिकाची बातमी मराठी लेखात आधार म्हणून द्यायची वेळ आली, तर तिचेही शीर्षक, दिनांक आणि भाषा अचूक नोंदली जावी, अशी व्यवस्था आम्हांला हवी आहे. ज्याची बाजू खरी आहे, त्याला स्वच्छ तळटिपेचे भय नसते.

चौथा आक्षेप आमच्या सुशिक्षित मित्रांचा: इंग्लिश साचे उतरवून घेतले की झाले, वेगळी मांडणी कशाला? त्यांनी एकदा मराठी संपादकाच्या जागी बसून पाहावे. रकान्यांची नावे इंग्लिश, चुकीचा इशारा इंग्लिश, दिनांक परदेशी वळणाचा, आणि नावाचे दोन तुकडे करण्याची सक्ती. ‘कुसुमाग्रज’ किंवा ‘ग्रेस’ यांचे आडनाव काय लिहायचे, हा प्रश्न पडून थांबलेला संपादक बहुधा परत येत नाही. उसना अंगरखा घातला म्हणून तो आपल्या मापाचा होत नाही. निदान बाह्या तरी मुडपाव्या लागतात.

कोणी काय करावे

मराठी विकिपीडियाच्या जाणत्या संपादकांनी प्रथम साच्यांची जुळणी तपासावी. वृत्तपत्र, पुस्तक, नियतकालिक आणि संकेतपान या चार प्रकारांची जुळणी निर्दोष झाली तर बहुतेक काम झाले. मग महिन्यांची रूपे, मग ‘प्रतिनिधी’सारख्या शब्दांची यादी. इशारे साध्या मराठीत लिहावेत: काय चुकले आणि कोठे दुरुस्त करायचे, एवढेच. तुटलेल्या दुव्यांना जतन केलेली प्रत जोडणारा सांगकाम्या असतो. त्याला आपल्या साच्यांची नावे आणि दिनांकाची रीत शिकवल्याशिवाय तो नीट काम करू शकत नाही. हे शिकवण्याचे काम गटाने घ्यावे, एका माणसाच्या उत्साहावर सोडू नये.

ज्यांना आज्ञावली लिहिता येते, त्यांनी सीमाभाग, गोवा, इंदूर येथील मराठी संकेतस्थळांसाठी झोटेरोचे अनुवादक लिहावेत. ते कोणालाही सादर करता येतात. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी वेब-टू-सिट या प्रकल्पाने वेगळी वाट दाखवली आहे. त्यात एखाद्या संकेतस्थळावर दिनांक कोठून उचलावा, मथळ्याची शेपटी कोठे कापावी, हे नियम संपादकांनीच विकीच्या पानावर लिहायचे. सोबत दोन-तीन बातम्यांची अपेक्षित अचूक उत्तरे नोंदवायची. दैनिकाने मांडणी बदलली की नोंदवलेले उत्तर आणि मिळालेले उत्तर जुळत नाही आणि बिघाड लगेच कळतो. ही शिस्त आपल्या संस्थांनी इतरत्रही उचलावी.

आपल्या दैनिकांच्या आणि नियतकालिकांच्या चालकांना आमची हात जोडून विनंती आहे. आपण कठीण काळात मराठी छापत आलात, त्याचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. आता पानाच्या माथ्यावर चार ओळी नीट घाला: शीर्षक, लेखक, महिन्याच्या संदिग्धतेविना दिनांक, आणि ‘भाषा मराठी’. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. प्रत्येक बातमीचा पत्ता कायम ठेवा. ई-पेपर चित्ररूपात असेल तर त्यातील अक्षर यंत्राला दिसत नाही, म्हणून महत्त्वाची बातमी मजकूररूपातही द्या. युनिकोडपूर्व काळातील, निरनिराळ्या टंकांत अडकलेली जुनी पाने कोणाकडे असतील तर ती रूपांतरित करा. टंक हरवला की उरतो तो रोमन चिन्हांचा कचरा.

आणि आपण सर्व वाचक? यंत्राने दिलेली तळटीप डोळे मिटून स्वीकारू नये. शीर्षक, लेखक, दिनांक, भाषा आणि पृष्ठ या पाच गोष्टी मूळ पानाशी ताडून पाहाव्यात, त्याच दिवशी वेबॅक मशीनवर पानाची प्रत जतन करावी, आणि मूळ मजकूर वाचल्याशिवाय त्याचा आधार देऊ नये. व्यवस्थित दिसणारी चुकीची तळटीप ही उघड्या चुकीपेक्षा वाईट, कारण तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर, पणजी येथील वाचकांनी आपल्या शहरातील मराठी ग्रंथालयात जाऊन दहा ग्रंथांची मुखपृष्ठे उतरवून आणावीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर येथील मित्रांनी आपल्या गावाच्या लेखातील ‘संदर्भ हवा’ची पाटी शोधून ती आधार देऊन उतरवावी.

येत्या १ नोव्हेंबरला बेळगावात पुन्हा काळा दिन पाळला जाईल, सायकल फेरी निघेल, आणि दुसऱ्या दिवशी तिची बातमी मराठी दैनिकांत छापून येईल. त्या बातमीची नोंद ११ जानेवारीला, इंग्लिश भाषेत, बेळगाव प्रतिनिधी नावाच्या लेखकाच्या नावे होऊ नये, एवढी व्यवस्था तोपर्यंत आपण करू शकतो. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.